पहिलं कॅम्पिंग हायवेच्या कडेला: सिएरा नेवाडात तंबू ठोकायला निघालेल्या नवख्यांसाठी

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नव्याने आलेल्या मराठी मंडळींचं कॅम्पिंग बहुतेक वेळा योसेमिटी व्हॅलीच्या नावाने सुरू होतं आणि बुकिंगच्या पानावरच संपतं. चुकून जागा मिळालीच, तर व्हॉट्सॅपवर सहा कुटुंबं गोळा होतात, कोण किती पोळ्या आणणार याची यादी फिरते, आणि त्याचं कॅम्पिंग न राहता केटरिंग होऊन बसतं.

माझा सल्ला सोपा आहे. पहिल्यांदा एखादं छोटं, झाडीतलं, हायवेजवळचं कॅम्पग्राउंड धरा. एक रात्र, फार तर दोन कुटुंबं. सिएरा नेवाडा ही कॅलिफोर्नियातली डोंगररांग ओलांडणाऱ्या ५०, ८८, ४, १०८ आणि १२० या रस्त्यांच्या कडेला अशी वनखात्याची कितीतरी ठिकाणं आहेत. गाडी तंबूपासून दहा पावलांवर उभी असते. रात्री पोराला ताप आला किंवा थंडी सोसवेना, तर अर्ध्या तासात सगळं गाडीत कोंबून खाली उतरता येतं.

फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हायवे जवळ असला म्हणजे दुकान, पंप, मोबाइलची रेंज जवळ असते असं नाही. खालचा बहुतेक मजकूर याच एका गैरसमजावरचा उतारा आहे. उदाहरणांसाठी मी हायवे ८८ धरला आहे, कारण नवख्यांना तोच बरा.

१. रस्ता आणि महिना ठरवा

हायवे ८८ स्टॉकटनहून निघतो, जॅक्सन, पाइन ग्रोव्ह, पायोनियर करत वर चढतो आणि सिल्व्हर लेक, कर्कवुड, केपल्स लेक ओलांडून कार्सन पासला पोचतो. खिंडीची उंची साधारण ८,५७० फूट. बे एरियातून साडेतीन-चार तास लागतात. तलावांच्या या पट्ट्यात एल्डोराडो राष्ट्रीय वनातली छोटी कॅम्पग्राउंड्स आहेत. त्यातलं वूड्स लेक हायवेपासून जरा आत, सुमारे ८,२०० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षा जवळजवळ तीन हजार फूट वर झोपणार आहात. सामान भरताना हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या.

महिन्याचं गणित असं: इतक्या उंचीवर बर्फ जूनअखेरीपर्यंत, कधी जुलैपर्यंत रेंगाळतो, आणि तो वितळेपर्यंत कॅम्पग्राउंडचं फाटक उघडत नाही. उघडलं की पहिले काही आठवडे डासांचे. रानफुलांचाही बहर तेव्हाच, साधारण जुलैच्या उत्तरार्धात. त्यामुळे फुलं हवी असतील तर डास पत्करा. ऑगस्टच्या मध्यापासून डास ओसरतात, पण वणव्यांचा काळ सुरू होतो. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य, आणि निघायच्या आधी धुराचा नकाशा बघायचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच एल्डोराडो वनात काल्डोर वणवा पेटला, दोन लाख एकरांहून जास्त जंगल गेलं, साउथ लेक टाहो गाव रिकामं करावं लागलं आणि कॅलिफोर्नियातली राष्ट्रीय वनं काही दिवस लोकांना बंद होती. तेव्हा बुकिंग आहे म्हणजे जाणारच, असा हट्ट नको.

२. बुकिंग: सहा महिने आधी, नाही तर गुरुवारी दुपारी

ज्या साइट (कॅम्पग्राउंडमधली एकेक आखीव जागा) आधी राखून ठेवता येतात त्या रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. बऱ्याच ठिकाणी मुक्कामाच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सात वाजता खिडकी उघडते. शनिवारच्या साइट काही मिनिटांत संपतात. खातं आधीच उघडून ठेवा, कार्डाचा नंबर भरून ठेवा, दोन-तीन साइटचे क्रमांक हेरून ठेवा. तत्काळच्या रांगेत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

हुकलं तर निराश होऊ नका. लोक जागा रद्द करतात, त्या परत यादीत येतात. मुक्कामाच्या आधीच्या आठवड्यात रोज बघत राहिलात तर बुधवार-गुरुवारची साइट हमखास दिसते. तुम्हाला रद्द करायचं असेल तर १० डॉलर कापून घेतात, अगदी ऐनवेळी केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. न कळवता गैरहजर राहणं सगळ्यात महाग.

दुसरा प्रकार ‘जो आधी येईल त्याला’. इथे बुकिंग नसतंच. गुरुवारी दुपारी किंवा शुक्रवारी सकाळी पोचा, गाडीने सावकाश एक फेरी मारा, प्रत्येक साइटच्या खांबावर लावलेल्या चिठ्ठीवरची तारीख वाचा. जिथे चिठ्ठी नाही किंवा तारीख उलटून गेली आहे, ती साइट मोकळी. गाडी उभी करा आणि मग फाटकाजवळच्या फलकाकडे जा. तिथे पाकिटं असतात. पाकिटावर नाव, गाडीचा नंबर, रात्री किती ते लिहायचं, आत पैसे घालून लोखंडी खांबाच्या फटीत टाकायचं आणि फाडलेला तुकडा आपल्या साइटच्या खांबाला लावायचा. सुटे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून पाच-दहाच्या नोटा किंवा चेकबुक जवळ हवं. काही ठिकाणी फलकावरचा कोड फोनने वाचून पैसे भरता येतात, पण त्यासाठी लागणारं ॲप घरून निघतानाच उतरवलेलं आणि खातं उघडलेलं असलं पाहिजे.

भाडं साधारण २० ते ४० डॉलर एका रात्रीला. दुसऱ्या गाडीचे वेगळे.

आणि हो, एका साइटवर किती माणसं याला मर्यादा असते, बहुधा सहा. ‘सहाजण दाखवू, बाकीचे मागून येतील’ हा प्रकार इथे चालत नाही. फाटकाजवळ ट्रेलरमध्ये राहणारे कॅम्प होस्ट संध्याकाळी फेरी मारतात आणि गाड्या मोजतात. जास्त लोक असतील तर शेजारच्या दोन साइट घ्या.

३. कागदपत्रं

* ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचं फोटो ओळखपत्र. तो स्वतः हजर हवा.
* बुकिंगचा छापील कागद किंवा फोनमधला स्क्रीनशॉट. तिकडे डोंगरात ईमेल उघडणार नाही.
* गाडीची नोंदणी आणि विमा. भाड्याची असेल तर करारपत्र.
* आरोग्य विम्याचं कार्ड.
* कॅम्पफायर परमिट. आखीव कॅम्पग्राउंडबाहेर, जंगलात कुठेही मुक्काम करणार असाल तर शेकोटीलाच नव्हे, गॅसच्या स्टोव्हलाही हा परवाना लागतो. तो ऑनलाइन, फुकट मिळतो आणि वर्षअखेरपर्यंत चालतो. आखीव जागेत बहुधा लागत नाही, तरी काढून ठेवायला काय जातं.
* फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा.

भारतातून आई-बाबा आले असतील तर एक गोष्ट हमखास विचारली जाते: ज्येष्ठांचा पास काढला तर निम्म्या भाड्यात काम होईल का? तो पास ६२ वर्षांवरच्या अमेरिकी नागरिकांना किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या पालकांना नाही. राष्ट्रीय उद्यानांचा नेहमीचा वार्षिक पास तुमच्याकडे असला तरी त्यात कॅम्पिंगचं भाडं येत नाही.

४. सामान: थंडी खालून येते

पहिल्या खेपेला सगळं विकत घेऊ नका. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट भाड्याने मिळतात. आरईआय या कॅम्पिंगचं सामान विकणाऱ्या साखळीच्या काही दुकानांत मिळतात, विद्यापीठांच्या आउटडोअर केंद्रांत मिळतात, आणि ओळखीपाळखीत कोणाच्या तरी गॅरेजमध्ये हे सगळं पडून असतंच.

तंबूवर ‘चार जणांचा’ लिहिलेलं असेल तर त्यात दोन मोठी माणसं, एक मूल आणि दोन बॅगा आरामात मावतात. चार मोठे फक्त कुशीवर.

लोक तंबूचा कीस पाडतात आणि मॅटकडे दुर्लक्ष करतात. उलट हवं. सॅक्रामेंटोत दुपारी ३८ अंश असताना वर जेमतेम २३-२४ असतं आणि पहाटे ४-५ अंशांपर्यंत उतरतं, तेही भर उन्हाळ्यात. अंगाखालची जमीन रात्रभर ऊब शोषत राहते. पाहुण्यांसाठी घरी ठेवलेली हवेची गादी मऊ असते, पण आतली हवा जमिनीइतकीच गार होते, म्हणून तिच्यावर माणूस कुडकुडतो. फोमची किंवा आत अस्तर असलेली मॅट घ्या. ती थंडी किती अडवते हे सांगणारा आर-व्हॅल्यू नावाचा आकडा तिच्यावर असतो, तो तीनच्या पुढे बघा. स्लीपिंग बॅगवर जे तापमान छापलेलं असतं ते पुष्कळदा ‘जगाल’ एवढंच सांगतं, ‘झोपाल’ असं नाही. तेव्हा अपेक्षित थंडीपेक्षा पाच-सहा अंश खालची घ्या. आणि कानटोपी! आईने बॅगेत कोंबलेली आणि तुम्ही इतकी वर्षं कपाटाच्या तळाशी ठेवलेली ती लोकरीची कानटोपी इथे कामाला येते. डोकं झाकलं की झोप लागते.

बाकीचं पटकन: प्रत्येकाला एक हेडलॅम्प (मोबाइलच्या उजेडात खुंट्या ठोकता येत नाहीत), छोटा हातोडा, बादली, फावडं, माणशी दिवसाला चार लिटर पाणी, डासांचं औषध, ऊन लागू नये म्हणून क्रीम, कचऱ्याच्या पिशव्या, प्रथमोपचार पेटी, जादा मोजे. जीन्स आणि सुती टीशर्ट भिजले की वाळत नाहीत. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे बरे.

तंबू घरी एकदा उभा करून बघा. दिवाणखान्यात करा, बागेत करा, पण करा. अंधारात, वाऱ्यात, सूचनांचा कागद शोधत तंबू उभारणं हा नवरा-बायकोच्या भांडणाचा खात्रीशीर मार्ग आहे.

५. जेवण: इथे कुकर लागतो

आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. उकळी दिसते, पण भात कच्चट राहतो आणि तूरडाळ तर तासाभरानेही डोळे वटारून बघत असते. अमेरिकन शेजारी म्हणूनच सॉसेज आणि पाकिटातलं सूप खातात. आपल्याकडे तोडगा आहे: तीन लिटरचा प्रेशर कुकर. मुगाच्या डाळीची खिचडी खालच्यासारखीच होते, एखाददुसरी शिट्टी जास्त. कुकर नसेल तर तूरडाळीच्या वाटेला जाऊ नका. पोहे, उपमा, घरून करून नेलेलं पिठलं, थालीपिठाची भाजणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. कांदे-मिरच्या घरी चिरून डब्यात भरा. वर चिरत बसलं की सालं, कचरा आणि त्याच्यामागे माश्या.

स्टोव्ह दोन शेगड्यांचा, हिरव्या प्रोपेन सिलिंडरचा घ्या. देशी दुकानात मिळणारा ब्युटेनचा एकशेगडी स्टोव्ह थंडीत रुसतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप व्हायला तयारच नसतो, त्यामुळे पहाटेच्या चहाला ज्योत मिणमिणते. प्रोपेनला ती अडचण नाही. बाहेर कितीही वारा असो, तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

पाण्याचा नळ काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो, काही ठिकाणी असून बंद असतो. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळा. इतक्या उंचीवर खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं.

६. रस्ता

शुक्रवारी दुपारी तीननंतर हायवे ५८० वर चढलात तर आल्टामाँटची खिंड ओलांडेपर्यंत संध्याकाळ होते. सकाळीच निघा. टाकी जॅक्सनमध्ये भरून घ्या, जेवण थंड ठेवायला बर्फही तिथेच घ्या. जॅक्सन-पायोनियरनंतर मोबाइल येतो-जातो, पुढे जातोच. कुठे मुक्काम आहे आणि कधी परतणार हे घरच्या किंवा ओळखीच्या एकाला लिहून पाठवा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर कॅलट्रान्सच्या (राज्याच्या रस्ते खात्याच्या) नकाशावर रस्ता उघडा आहे का ते बघा. ८८ आणि ५० हिवाळ्यातही चालू ठेवतात. ४, १०८ आणि १२० च्या वरच्या खिंडी मात्र बर्फ पडला की बंद होतात त्या थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

७. पोचल्यावर आधी वर बघा

साइट निवडायची मुभा असेल तर तीन गोष्टी. हायवेपासून सगळ्यात लांबची रांग घ्या. दिवसा रस्ता जाणवत नाही, पण रात्री चढावर गिअर बदलणारे ट्रक आणि शनिवारी सकाळी मोटारसायकलींचे ताफे चांगलेच ऐकू येतात. संडासापासून चाळीस-पन्नास पावलं बरी, फार जवळ नको. आणि तंबू जिथे लावणार तिथे उभं राहून मान वर करा. वाळलेलं झाड, अडकलेली मोठी फांदी दिसली तर जागा बदला. दुष्काळ आणि खोडकिडे यांनी सिएरातली कोट्यवधी झाडं मेली आहेत, आणि वारा नसतानाही फांद्या पडतात. याच कारणाने खोडाला टेकून, दाट सावलीत तंबू लावायचा मोह टाळा.

जमीन किंचित उंच, सपाट हवी. खळगा नको, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह पाऊस येऊ शकतो. तंबूखाली घातलेलं ताडपत्रीचं टोक तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका. पाणी त्यावर पडून तुमच्या अंगाखाली जमतं.

पहिल्या संध्याकाळी डोकं जड वाटेल, पोरं चिडचिड करतील. उंचीचा परिणाम आहे. पाणी पीत राहा, दारू दुसऱ्या दिवसावर ढकला. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या तर खाली उतरायचं. हायवेजवळच्या जागेचा फायदा तो हाच.

जवळ उभं असलेलं पिवळसर-तांबूस सालीचं मोठं पाइन दिसलं तर सालीच्या भेगेला नाक लावून बघा. जेफ्री पाइन असेल तर व्हॅनिलासारखा वास येतो. लहान मुलांना अर्धा तास गुंतवून ठेवायला एवढं पुरतं.

८. अस्वल, आणि तुमची पॅराशूटची बाटली

कॅलिफोर्नियात आता फक्त काळं अस्वल उरलं आहे, ग्रिझली हे मोठं तपकिरी अस्वल शंभर वर्षांपूर्वीच संपलं. काळं अस्वल सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, त्याला तुमचं जेवण हवं असतं. म्हणून बऱ्याच साइटवर लोखंडी पेटी असते, तिला बेअर बॉक्स म्हणतात. जेवण त्यात ठेवायचं हे सगळ्यांना कळतं. फसगत होते ती बाकीच्या वस्तूंत. अस्वलासाठी वास म्हणजे खाणं. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, खोबरेल तेल, अगरबत्तीचा पुडा, बाळाचं दूध पावडर, रिकामा कूलर, कचऱ्याची पिशवी, सगळं पेटीत. आपल्या सामानात तर हिंग, लोणचं आणि गोडा मसाला असतो. डब्याला डबल पिशवी लावली म्हणून वास लपत नाही. बाळाच्या सीटखाली सांडलेला चिवडाही झाडून घ्या, कारण अस्वलाला गाडीचं दार उघडता येतं आणि नाही उघडलं तर वाकवता येतं.

पेटी दिवसाही बंद ठेवायची. खटका कसा लागतो ते पोचल्यावर उजेडातच बघून घ्या. काही पेट्यांच्या खटक्याला हात आतून वर घालावा लागतो. पेटी नसलेल्या जागी काय करायचं ते फलकावर लिहिलेलं असतं किंवा होस्ट सांगतात, ते निमूट ऐका.

अस्वल आलंच तर पळू नका. एकत्र उभे राहा, हात वर करा, ताट-पळी वाजवा, ओरडा. पिल्लू दिसलं तर आई कुठे आहे ते बघा आणि मधे येऊ नका.

अस्वलापेक्षा जास्त त्रास खारी, चिपमंक आणि ‘स्टेलर्स जे’ नावाचे काळपट तुऱ्याचे निळे पक्षी देतात. टेबलावरची पोळी डोळ्यांदेखत जाते. त्यांना कौतुकाने खाऊ घालू नका. इथल्या खारींच्या पिसवांत प्लेगचे जंतू सापडतात.

९. शेकोटी

निघायच्या दिवशी वनखात्याच्या पानावर आगीचे निर्बंध बघा. निर्बंध कडक असतील तर शेकोटी पूर्ण बंद असते आणि कोळशाची शेगडीही त्यातच मोडते. बटणाने बंद होणारा गॅसचा स्टोव्ह सहसा चालतो. फटाके राष्ट्रीय वनात कधीच चालत नाहीत, फुलबाजीसुद्धा नाही. गांजा कॅलिफोर्नियात कायदेशीर असला तरी ही जमीन केंद्र सरकारची आहे, तिथे तो गुन्हाच.

लाकूड घरून नेऊ नका. त्यातून झाड पोखरणारे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. वाटेतल्या गावात किंवा होस्टकडे जुडी मिळते. विझवताना भरपूर पाणी ओता, फावड्याने ढवळा, परत पाणी ओता, मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर विझली नाही.

१०. रात्र

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. अंताक्षरी साडेनऊला आवरा. जंगलात आवाज लांबवर जातो आणि दोन साइट पलीकडची माणसं पहाटे मासे पकडायला उठणार असतात.

संडास म्हणजे खड्ड्यावरचं काँक्रीटचं खोपटं. फ्लश नाही, बहुधा वीज नाही, नळ नाही, कधीकधी कागदही नाही. घरून तांब्या किंवा प्लास्टिकचा मग आणि पाण्याची बाटली न्या. सोबत हात धुण्याचं जेल. डायपर, पॅड, कचरा त्यात टाकायचा नाही. आंघोळीची सोय नसते, एक दिवस चालतं.

झोपण्याआधी दिवसाचे कपडे बदला, मोज्यांसकट. घामाने दमट झालेल्या कपड्यांत थंडी दुप्पट वाजते. गरम पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून पायाशी ठेवा. तंबूच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाही तर श्वासाची वाफ छतावर जमून पहाटे कपाळावर टपकते.

११. सकाळी

चहा, पोहे, आणि जमलं तर वूड्स लेकहून विनेमुका लेकपर्यंतची पायवाट. जुलैअखेरीला तिथे रानफुलं असतात आणि समोर राउंड टॉपचा डोंगर उभा असतो, १०,३८१ फुटांचा. मुलं दमली तर अर्ध्यातून परता.

साइट सोडायची वेळ बहुधा दुपारी बाराच्या आसपास असते, फलकावर बघून घ्या. खुंट्या मोजून पिशवीत भरा, राख पुन्हा चाचपा, बेअर बॉक्सच्या कोपऱ्यात राहिलेली लसणाची कांडी काढा, टेबलाखालचे प्लास्टिकचे तुकडे उचला. कचऱ्याचा डबा नसेल तर कचरा गाडीतून खाली आणायचा. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, ऑटोमॅटिक गाडीतही गिअर खाली घेता येतो. मागे गाड्यांची रांग लागली तर कडेच्या जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या.

घरी पोचल्यावर तंबू त्याच दिवशी उलगडा. दवाने ओला झालेला असतो, तसाच गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते. अपार्टमेंटमध्ये जागा नसेल तर न्हाणीघरातल्या पडद्याच्या दांडीवर वाळत घाला. भाड्याचा असेल तर अनामत परत मिळायची तीच अट असते.